पांढरीवरचं घर

वऱ्हाडात घराची पारख वैशाखात होते. दिवाळीत सगळीच घरं देखणी असतात. रंग ताजा असतो, उंबऱ्याशी पणती असते. पण पारा पंचेचाळिसावर चढला आणि डांबर चपलेला धरू लागलं, की कुठलं घर माणसाला सांभाळतं आणि कुठलं भाजून काढतं ते उघड होतं. दुपारी तीनला थोडं कळतं, रात्री अकराला पुरतं कळतं. त्या वेळी आमच्या वलगावच्या गल्लीतून चालत जावं. स्लॅबच्या घरांतली माणसं खाटा घेऊन दारात आलेली असतात. लेकरं ओल्या चादरीवर लोळत असतात, कूलर उंबऱ्यात आणून ठेवलेला असतो. अंधारात सहज टेकलेल्या हाताला भिंत अजून कढत लागते.

यामागचं कारण आम्हाला वास्तुशास्त्राच्या पहिल्या वर्षात आकृती काढून शिकवलं. चार-पाच इंचांच्या काँक्रीटवर पडलेलं ऊन काही तासांत खालच्या अंगाला पोचतं, आणि संध्याकाळ झाली की तेच छत खोलीत उष्णता सोडत बसतं. दीड हात जाडीची मातीची भिंत ऊन धरून ठेवते. ते आतल्या बाजूला उतरायला आठ-दहा तास घेतं. तोवर बाहेर रात्र पडलेली असते, झरोके उघडे असतात, हवा फिरू लागलेली असते. ही आकृती वहीत उतरवताना मला आमचंच घर दिसत होतं, कारण ते अर्धं असं आणि अर्धं तसं आहे. पुढची ढेलज आणि ओसरी पणजोबांच्या वेळची, धाब्याची. मागची खोली बाबांनी कापसाच्या एका बऱ्या सालात बांधली, स्लॅबची. आजीची खाट हौसेनं त्या नव्या खोलीत हलवली होती. पहिल्याच उन्हाळ्यात ती खाट परत ढेलजेत आली. "बाई, थ्या खोलीत रातभर भट्टी पेटते. मी अठीच बरी," एवढं म्हणून तिनं विषय संपवला. माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणाचा विषय तिथून सुरू झाला.

धाबं म्हणजे काय हे शहरातल्या सोबत्यांना समजावून सांगताना मला फार आनंद होतो. खाली सागाच्या मयाली, त्यांवर आडवे फाटे, फाट्यांवर दाटीनं मांडलेल्या किलच्या. त्यांवर पळसाच्या पानांचा नाहीतर तुराट्यांचा थर, वर चिखल, मग वीतभर पांढरी माती, आणि सगळ्यांत वर खारी माती. ही शेवटची खारी माती मला नेहमी थक्क करते. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्याचा मोठा पट्टा खारपाणाचा आहे. तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही, पिकाला दिलं तर जमीन बिघडते. त्याच मातीतला सोडियम पावसाच्या पहिल्या सरीबरोबर मातीचे कण सुटे करतो, ते बारीक कण छताच्या भेगांत जाऊन बसतात आणि पाणी तिथंच अडतं. ज्या खारानं वऱ्हाडच्या कित्येक पिढ्यांचं पाणी नासवलं, त्याच खारानं त्यांची छतं गळू दिली नाहीत. सोडियम हा शब्द ठाऊक नसलेल्या माणसांनी हे बघून, चुकून, पुन्हा करून जमवलं. आमच्या धाब्यावर माती टाकायला येणारे म्हातारे मिस्त्रीकाका त्याबद्दल फार बोलत नाहीत. मातीचा खडा जिभेवर ठेवतात, थुंकतात आणि "हे चालते" म्हणतात. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "धाबं दरसाल मांगते. तुम्ही दिलं त थे तुम्हाले जन्मभर देते."

दरवर्षी देणारी घरं आता कमी उरली आहेत. मागच्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या आळीतला एक जुना वाडा जेसीबीनं पाडला. वाटण्या झाल्या होत्या, भावांना आपापलं वेगळं घर हवं होतं, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. मी टेप, वही आणि मोबाइल घेऊन तिथं उभी राहिले. यंत्राच्या दातांनी भिंत मधोमध कापली गेली आणि एक उभा छेद समोर आला. आमच्या अभ्यासक्रमात 'सेक्शन' काढायला शिकवतात. इथं तो खराखुरा काढून ठेवलेला होता. आत वीट नव्हती, दगड फक्त जोत्यापुरता. बाकी सगळी पांढरी माती, थरावर थर घालून वर नेलेली. प्रत्येक थराची रेघ दिसत होती, कारण खालचा थर सुकल्याशिवाय वरचा चढवत नसत. जवळ जाऊन पाहिलं तर त्या मातीत खापराचे तुकडे होते, राखेच्या काळ्या रेषा होत्या, हिरव्या काचेच्या बांगडीचा एक तुकडा होता. देवळीच्या वरच्या बाजूला दिव्याची काजळी कोळशासारखी घट्ट झालेली होती. वरच्या थरातून पळसाचं एक पान निघालं. रंग गेला होता, शिरा शाबूत होत्या.

बांगडीचा तुकडा त्या भिंतीत आला कुठून? वऱ्हाडातली जुनी गावं वसली आहेत तीच पांढरीवर. काळी शेतीला, पांढरी वस्तीला, ही वाटणी शेकडो वर्षांची आहे. पांढर म्हणजे आधीच्या वस्तीची साठलेली माती. पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, चुना, तुटकी भांडी. घर पडलं की त्याची माती तिथंच राहायची, पुढचा माणूस ती कालवून नवं घर उभं करायचा. गावोगावच्या गढ्या याच मातीच्या, आणि गढी ओस पडली की तीच माती खणून लोकांनी आपली घरं छाबली. ज्वारीची पेवंही याच पांढरीत खणत, कारण तिच्यात दाणा कोरडा राहायचा. 2018-19 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं आमच्या शेजारच्या चांदूरबाजार तालुक्यात, पूर्णेच्या वळणावरच्या फुपगावला उत्खनन केलं. लोहयुगातली वस्ती निघाली. गोल घरं, खांबांचे खळगे, चूल. इसवी सनापूर्वीच्या सातव्या ते चौथ्या शतकातली ती घरं. माझ्या हातातला बांगडीचा तुकडा कदाचित पणजीच्या पिढीतला असेल, त्याहून जुना नसेल. पण या नदीच्या काठी घरं बांधणं फार लांबवर मागं जातं, आणि वापरलेली माती पुन्हा वापरणं हा आमच्याकडचा जुना व्यवहार आहे. आज वास्तुशास्त्राच्या परिषदांत बांधकामाचा राडारोडा पुन्हा कसा वापरावा यावर निबंध वाचले जातात. त्या वाड्याचा राडारोडा दोन ट्रॉल्यांतून पेढी नदीच्या काठी नेऊन टाकला गेला.

नवी घरं कुठं बांधली जातात तेही बघायला हवं. अमरावतीहून वलगावकडे येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं अकृषक होऊन लेआउट पडत आहेत. जिथं कपाशी आणि तूर उभी असायची तिथं सिमेंटचे खुंट आणि कमान दिसते. ही सगळी काळी. कापसाला जी माती जीव लावते, ती घराची वैरीण. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर मुरूम लागेपर्यंत न खणता पाया घातला की दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं या मातीसाठी तळाशी फुगवटा असलेले 'अंडर-रीम्ड' पाइल विकसित केले. ते चांगलं काम देतात, पण लहान घराच्या पैशात बसत नाहीत. मग चीर बुजवतात, रंग देतात, पुढच्या वर्षी ती पुन्हा येते. पांढरीवरचं जुनं घर विकून काळीवरच्या प्लॉटवर गेलेली कुटुंबं मी मोजमापाला गेले की हमखास ती चीर दाखवतात. मला तेव्हा त्यांच्याशी पायाबद्दल बोलावं लागतं, आणि ते फार उशिरा झालेलं बोलणं असतं.

लेआउटचा दुसरा दोष सावलीचा. अमरावतीच्या जुन्या परकोटाच्या आत, नागपुरी गेट किंवा खोलापुरी गेटमधून शिरून, उन्हाच्या वेळी चालून बघा. गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना खेटून. एका घराची सावली समोरच्या घरावर पडते आणि दोघांच्या मधल्या वाटेवर माणसाला चालता येतं. नव्या लेआउटमध्ये रस्ता रुंद, घर सुटं, चारी बाजूंनी ऊन. नकाशात 'खुली जागा' म्हणून सोडलेल्या तुकड्यावर गाजर गवत. गाडी येण्याजाण्याचा विचार केलेला असतो, चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा केलेला नसतो. परतवाडा मार्गावर कितीतरी ठिकाणी शाळेची मुलं एसटीची वाट बघत विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागं एक उभी असतात. तो खांब जेवढा जाड, तेवढीच त्यांची सावली. नगररचना हा विषय मला कळला तो या मुलांकडे बघून. शहर आखणं म्हणजे आधी ठरवणं, की दुपारी दोनला कोण सावलीत असेल.

तिसऱ्या वर्षी आमचा वर्ग सेवाग्रामच्या गांधी आश्रमात गेला. 1936 साली उभं राहिलेलं आदिनिवास पाहिलं, आणि गांधीजींच्या सहकारी मीराबेन राहायच्या ती, पुढं बापूकुटी झालेली झोपडी पाहिली. माती, बांबू, कवेलू. मीराबेननी भिंतीवर मातीतच उठावानं काढलेली झाडं आणि चरखा. इव्हान इलिच हे विचारवंत 1978 साली इथं येऊन या कुटीवर बोलले होते. माणसाचं घर आणि सामान ठेवायची जागा यांतला फरक त्यांना इथं बसून उमगला. मी तिथं जमिनीवर बसले तेव्हा मला जाणवला तो छपराचा उतार आणि खिडकीची उंची. खाली बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर खिडकी यावी असं ते मोजमाप आहे. पुढं वर्ध्याच्या 'सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस' या संस्थेचं काम पाहिलं. देवेंद्रकुमार यांनी 1976 साली ती सुरू केली. कुंभारानं चाकावर केलेली निमुळती कवेलू एकात एक अडकवून कमान उभी करायची, की लाकूड नाही, लोखंड नाही, छत तयार. आमच्याच जिल्ह्यात मेळघाटात लवादा इथं सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं आणि कोरकू कारागिरांच्या हातातली कला घरबांधणीत आणली. हे सगळं बघून परतताना माझं मन भरून आलं होतं. प्रबंधाचा विषय ठरला असं वाटत होतं: मातीच्या घराकडे परत जायचं.

तो विषय तसाच पुढं गेला नाही, आणि त्याचं कारण आजीच. मी तिला मोठ्या उत्साहानं नकाशे दाखवत होते. तिनं ऐकून घेतलं आणि आपले तळहात माझ्यापुढं धरले. दर आठवड्याला सारवण, दर सणाला पोतारा, पावसाळ्याआधी भिंती छाबणं, हे सगळं तिनं वयाच्या पंधराव्या वर्षापासून केलेलं. माती आणायची, शेण आणायचं, पाणी आणायचं, सगळं डोक्यावर. मिस्त्रीकाका धाब्यावर वर्षातून एकदा चढायचे, आजी भिंतींशी रोज असायची. मातीच्या घराचा गारवा तिच्या कमरेतून येत होता, हे माझ्या कुठल्याच आकृतीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. दीड हाताची भिंत आणि सागाच्या मयाली ज्यांना परवडल्या, ती पाटील-देशमुखांची, सावकारांची, बऱ्या शेतकऱ्यांची घरं. गावाच्या टोकाला, मोलमजुरी करणाऱ्यांच्या वस्तीत, पऱ्हाटीचे आणि तुराट्यांचे कुड होते. वरून मातीचा हात फिरवलेला, डोक्यावर आधी गवत आणि मग टिन. त्या घरात उन्हाळा कधीच सोपा नव्हता, आणि पांढरी सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलीही नव्हती. जुनं ते सगळं चांगलं असं लिहिणाऱ्या कुठल्याही लेखात ही वस्ती नसते. टिनाखाली आयुष्य काढलेल्या बाईनं स्लॅबचं घर मागितलं तर तिच्या मागण्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. तिला पक्कं घर हवं; ते तिला गारही मिळावं, एवढं मला करता येईल. माझा प्रबंध मग तिच्या घराचा झाला. मातीच्या पुनरुज्जीवनावरची मोठी शीट मी बाजूला ठेवली आणि घरकुलाचा नकाशा उघडला.

2016 साली सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातल्या घराचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट, आणि सपाट प्रदेशासाठी मदत 1 लाख 20 हजार रुपये धरली. केंद्र सरकार, यूएनडीपी आणि दिल्लीची आयआयटी यांनी मिळून वेगवेगळ्या हवामानांसाठी घरांचे नमुने 'पहल' नावाच्या संग्रहात छापले आहेत. म्हणजे विचार झालेला आहे. पण गावात प्रत्यक्ष उभं राहतं ते एकच घर: चौकोनी खोली, पश्चिमेला उघडी भिंत, काळपट स्लॅब, खिडकीवर विटेएवढा छज्जा. ज्युरीला आलेल्या एका पाहुण्यांनी मला विचारलं, की यात 'सस्टेनेबल' काय आहे, हे कुठल्या हरित मानांकनात बसेल? मी म्हटलं, की या घरात वीजबिलाला भिऊन पंखा बंद करून झोपणारी बाई बसेल. त्यांना उत्तर आवडलं नसावं. मला ते अजूनही बरोबर वाटतं.

माझ्या 269 चौरस फुटांत काय केलं ते साधंच आहे. घराच्या लांब भिंती उत्तर आणि दक्षिणेला, कारण दक्षिणेचं ऊन छोट्या छज्ज्यानं अडतं, पश्चिमेचं कशानंच अडत नाही. पश्चिमेला न्हाणी आणि सरपणाची जागा, म्हणजे ऊन आधी त्यांनी झेलावं. भिंत फ्लाय अ‍ॅशच्या विटांची, रॅट-ट्रॅप पद्धतीनं रचलेली. विटा उभ्या कडेवर ठेवायच्या, मध्ये पोकळी राहते, विटा जवळजवळ पाव हिश्शानं वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. राख अकोल्याच्या पारसच्या वीज केंद्रात आहेच. स्लॅबमध्ये, जिथं काँक्रीट नुसतंच वजन वाढवतं तिथं, जुनी कवेलू उलटसुलट जोडून भरायची. लॉरी बेकर यांनी केरळात ही रीत घराघरांत नेली. आमच्याकडे पडलेल्या घरांच्या कवेलूंचे ढीग उकिरड्यावर आहेत. वर चुन्याचे दोन हात. आणि दाराशी ओसरी, पाच फूट का होईना. क्षेत्रफळ आणि पैसा यांच्या ओढाताणीत सगळ्यांनी मला ओसरी काढून टाकायला सांगितली. मी ती काढली नाही. निवडायचं सरपण, शेजारीण, अभ्यास करणारं पोर, आजारी माणसाची खाट, हे सगळं वऱ्हाडात ओसरीवर असतं. ती गेली की घर नुसतं कोठार उरतं.

या प्रबंधावर काम करताना माझं बसायचं ठिकाण पेढीकाठची गाडगेबाबांची निर्वाणभूमी होती. 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांना अमरावतीला नेत असताना इथंच, नदीच्या पुलापाशी, त्यांनी देह ठेवला. शेंडगावला 1876 साली जन्मलेला हा परीट समाजातला माणूस. हाती खराटा, डोक्यावर गाडगं, दिवसा गाव झाडायचा आणि रात्री कीर्तन करायचा. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं धर्मशाळा उभ्या केल्या, मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांना टेकायला जागा केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ज्यांना क्षेत्राच्या ठिकाणी कुणी ओसरीवरही बसू देत नव्हतं त्यांच्यासाठी होती. ती त्यांनी पुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बेघरांना आसरा हे त्यांच्या दशसूत्रीतलं एक सूत्र. एवढी बांधकामं केली आणि स्वतःसाठी घर बांधलं नाही. शेवटचा श्वासही वाटेवर. माझ्या पदवीच्या कागदावर ज्या विद्यापीठाचं नाव येईल ते त्यांचंच. महाराष्ट्रातल्या थोर वास्तुकारांची यादी कुणी केली तर मी त्यात त्यांचं नाव घालीन, आणि ते नाव मी पूर्ण विचारानं घालीन. इमारत कुणासाठी बांधायची हा पहिला प्रश्न त्यांनी कधी चुकवला नाही.

आमच्या घराचं धाबं यंदा बाबांनी आणि मी मिळून केलं. माती बाबांनी वर चढवली, भिंती मी छाबल्या, आणि आजीला खाटेवरून उठू दिलं नाही. मिस्त्रीकाका खाली उभे राहून सांगत होते. त्यांच्या हाताखाली शिकायला गावात दुसरं कुणी नाही.

म्हणून वऱ्हाडात वास्तुशास्त्र शिकणाऱ्या माझ्या सोबत्यांना एक विनंती आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा टेप आणि वही घेऊन जा. जी घरं पाडायला निघाली आहेत ती आधी मोजा, धाब्याचे थर लिहून ठेवा, मिस्त्री कुठली माती कुठून आणायचे ते विचारा. आणि मग ग्रामपंचायतीत जाऊन यंदाची घरकुलाची यादी मागा. त्या यादीतल्या बायकांना भेटा, त्यांच्या प्लॉटवर पश्चिम कुठली ते बघा, आणि पाया खणायच्या आधी त्यांच्याशी बोला. पाया पडल्यावर फार उशीर झालेला असतो.